कॅटफिशच्या अंगावर कापूस दिसला? औषध ओतण्याआधी या चुका टाळा

मिशीपाशी किंवा पंखावर पांढरा पुंजका दिसला की थेट बुरशीनाशक ओतलं जातं. पहिली चूक तीच. सॅप्रोलेग्नियासारखी बुरशी धडधाकट कातडीवर सहसा रुजत नाही, ती जखमेवर वाढते. पुंजक्याचे धागे लांब, मोकळे आणि पाण्यात हलणारे असतील तर बुरशीची शक्यता जास्त. तोंडाभोवती किंवा पाठीवर राखाडी-पिवळसर, चपटा चट्टा असेल आणि तो एक-दोन दिवसांत पसरत असेल, तर कॉलम्नारिसचा संशय घ्या. तो जिवाणूंचा रोग आहे, बुरशीनाशकाने जात नाही. अशा वेळी तापमान वाढवू नका, उबेत तो झपाट्याने फोफावतो. अँटिबायोटिक मात्र मत्स्यरोग जाणणाऱ्या पशुवैद्यांना विचारूनच द्या.

दुसरी चूक पाणी न तपासण्याची. अमोनिया आणि नायट्राइट ही विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात होणारी विषारी द्रव्यं शून्य हवीत. कॅटफिश तळाशी राहतो, त्यामुळे कुजलेलं खाद्य आणि धारदार खडी यांचा त्रास आधी त्याच्या मिशांना होतो. तो टाकी ‘साफ करतो’ हा समज सोडा, घाणीवर तो जगत नाही. आधी ३० टक्के पाणी बदला. नवं पाणी क्लोरीनमुक्त आणि त्याच तापमानाचं हवं. तळातली घाण सायफनने, म्हणजे नळीने ओढून, उपसून घ्या.

आजारी मासा जाळीने पकडू नका. पंखांचे काटे जाळीत अडकतात आणि ओढताना नवी जखम होते. भांड्यात अलगद घेऊन उपचारासाठी वेगळ्या टाकीत हलवा. त्या टाकीत खडी नको, पण लपायला पाइपचा तुकडा आणि हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन हवाच.

सर्वात जास्त मासे दगावतात ते मात्रेच्या चुकीने. ६० × ३० × ३० सेंमीची टाकी हिशेबाने ५४ लिटरची, पण खडी, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली की पाणी ४५ लिटरच्या आसपासच उरतं. त्यातून अनेक कॅटफिशना खवले नसतात. मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मेलिन आणि तांबं असलेली औषधं त्यांना लवकर बाधतात, म्हणून ती अर्ध्या मात्रेने सुरू करा आणि हातमोजे घाला.

आमची पसंती आधी मिठाला. लिटरला १ ग्रॅम साधं मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून हळूहळू सोडा. मासा शांत असेल तर दोन दिवसांत २ ग्रॅमपर्यंत न्या. २० लिटरमधलं ५ लिटर पाणी बदललं, तर मीठ त्या ५ लिटरपुरतंच घाला. बाष्पीभवनाने मीठ उडून जात नाही, त्यामुळे तेवढी भर साध्या पाण्यानेच करा.

मिथिलीन ब्लू हे निळं औषध वापरायचं तर १ टक्का द्रावण १० लिटरला २ मिली. मुख्य टाकीत कधीच नको: फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात, वनस्पती खराब होतात, काचा जोडणारं सिलिकॉन कायमचं निळं पडतं. वेगळ्या टाकीत रोज चतुर्थांश पाणी बदलून तेवढ्याच पाण्याची मात्रा परत द्या. फिल्टरमध्ये कार्बन (सक्रिय कोळसा) राहिला असेल तर औषध तोच शोषतो आणि उपचार वाया जातो.

औषधानंतर मासा वारंवार वर येऊन हवा घेऊ लागला किंवा कलंडला, तर लगेच निम्मं पाणी बदला, कार्बन लावा, हवा वाढवा. तीन-चार दिवसांत पुंजका कमी झाला नाही तर दुसरं औषध वर ओतू नका. पाणी बदलून आधीचं काढा आणि चट्टा पुन्हा नीट पाहून निदान तपासा. पुंजका गळून पडला तरी खालची जखम भरेपर्यंत मासा मुख्य टाकीत परत सोडू नका.