सौर वारा आणि पृथ्वीचं चुंबकावरण: प्रोजेक्ट करताना या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की नागपुरात आमच्या ओसरीवर थर्माकोलचा चुरा सांडलेला असतो. गल्लीतली पोरं 'काका, पृथ्वीचं चुंबक करायचंय' म्हणत येतात. चुका मात्र दरवर्षी त्याच.

पहिली गफलत नावातच. 'वारा' म्हटलं की नवतप्यातली लू आठवते, आणि तक्त्यावर वाक्य येतं: सौर वाऱ्यामुळे नागपूर तापतं. नाही बाप्पा! तापवतं ते ऊन. तो प्रकाश आठ मिनिटांत पोचतो. सौर वारा म्हणजे सूर्यातून सतत सुटणारे विद्युतभारित कण, मुख्यतः प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन. वेग सेकंदाला साधारण 400 किलोमीटर, तरी इथवर यायला चारेक दिवस लागतात. आणि विरळ इतका, की पृथ्वीजवळ एका घन सेंटिमीटरमध्ये जेमतेम पाच-दहा कण. त्याने कूलरची खसही वाळायची नाही.

दुसरी चूक देखणी असते. गोळ्यात पट्टीचुंबक खुपसायचं, वर लोहकीस भुरभुरवायचा, की दोन्हीकडे सारखे पंख उमटतात. हे चित्र एकट्या चुंबकाचं झालं. सौर वारा त्यात कुठे आहे? पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा अवकाशातला पसारा म्हणजे चुंबकावरण. सौर वारा त्याची सूर्याकडची बाजू दाबून सुमारे 60 ते 65 हजार किलोमीटरवर आणतो, आणि मागे शेपूट ओढतो ते चंद्राच्या कक्षेच्याही पलीकडे. हा आकार आणायला मी एकदा लोहकिसावर हेअर ड्रायर मारला. निम्मा कीस रांगोळीच्या डब्यात गेला, पुढे काय बोलणी खाल्ली ते सोडा.

त्यापेक्षा स्टीलचं ताट तिरपं धरा, त्यावरून पाण्याचा पातळ थर वेगाने सोडा आणि मध्ये बाटलीचं टोपण दाबून ठेवा. टोपणाला टेकण्याआधीच, थोडं अलीकडे, पाण्याची कमानदार कड उठेल. पृथ्वीपुढेही सौर वाऱ्यात अशीच आघात-कमान उभी असते. कड दिसत नसेल तर पाणी संथ आहे. धार वाढवा, ताट आणखी तिरपं करा. पाणी स्वतःच्या लाटांपेक्षा जोरात धावलं तरच कमान उठते, आणि सौर वाऱ्याचंही तेच.

पट्टीचुंबकाबद्दल एक गोष्ट तक्त्यावर लिहाच: पृथ्वीच्या पोटात असं चुंबक नाही. 770 अंश सेल्सिअसच्या वर लोखंडाचं चुंबकत्व टिकत नाही, आणि तिथे तर त्याहून कितीतरी जास्त उष्णता. सुमारे 2900 किलोमीटर खोलीवर सुरू होणाऱ्या द्रव लोखंडाच्या प्रवाहांतून हे क्षेत्र तयार होतं.

चुंबकावरणाला सर्रास 'कवच' म्हणतात, तो शब्द मला खटकतो. कवच म्हटलं की भिंत डोळ्यांपुढे येते, आणि ही भिंत गळकी आहे. सौर वाऱ्यासोबत आलेलं चुंबकक्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असलं की पृथ्वीच्या क्षेत्ररेषा (लोहकिसात उमटतात तशा चुंबकक्षेत्राच्या रेषा) त्याच्याशी जोडल्या जातात, ऊर्जा शेपटीत साठते, आणि तिथल्या रेषा पुन्हा जुळताना कण रात्रीच्या बाजूने वातावरणात फेकले जातात. ध्रुवीय प्रकाशाचं, म्हणजे ध्रुवांकडच्या आकाशात दिसणाऱ्या रंगीत उजेडाचं, बरंचसं नाटक असं मागच्या दाराने घडतं. मे 2024 च्या सौर वादळात लडाखच्या हानलेमधूनही आकाश लाल दिसलं होतं.

शेवटची चूक मुलांची नाही, मोठ्यांची. एका प्रदर्शनात परीक्षकांनीच ठणकावलं, चुंबकक्षेत्र नसेल तर वातावरण उडून जातं. मंगळाकडे बघून पटतंही: तिथे पृथ्वीसारखं चुंबकक्षेत्र नाही आणि हवाही विरळ. पण शुक्राला स्वतःचं चुंबकक्षेत्र नाही, आणि त्याच्या पृष्ठभागावर हवेचा दाब आपल्या नव्वदपट आहे. शेजारी उभ्या पोरीने हे हळूच सांगितलं, तर तिचे दोन गुण कापले.