मराठी वेबसाइटसाठी जाहिरात नेटवर्क कसं निवडाल?

जाहिरात नेटवर्क म्हणजे तुमच्या साइटवर जाहिराती लावून त्याचे पैसे देणारी कंपनी. ते निवडताना आधी भाषा बघा, दर नंतर. साइट मराठीत असेल तर बरीच नावं तिथेच गळतात. मीडिया.नेट हे नेटवर्क उभं केलं मुंबईकर दिव्यांक तुराखिया यांनी, पण या नेटवर्कला हवा असतो मुख्यतः इंग्रजी मजकूर आणि अमेरिका-ब्रिटनकडचा वाचक. गूगलचं नेटवर्क अ‍ॅडसेन्स, त्याच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, म्हणून नवख्याने सुरुवात तिथूनच करावी.

मग पैसे हातात कधी पडणार, याचा हिशेब मांडा. हजार वेळा पान उघडलं की किती मिळाले, त्याला आरपीएम म्हणतात. समजा महिन्याला २०,००० वेळा पानं उघडली आणि १२ डॉलर जमले, तर आरपीएम ६० सेंट. अ‍ॅडसेन्स १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे सोडत नाही, म्हणजे पहिली रक्कम नवव्या महिन्यानंतर! इथेच पाच-दहा डॉलरला पैसे देणारी नेटवर्कं मोहात पाडतात.

माझ्या पाककृतींच्या साइटसाठी मीही पडलो होतो. नाव नको, पण आठवडाभरात मावशीचा फोन आला, "अरे, तुझे उकडीचे मोदक उघडले तर फोनमध्ये व्हायरस आहे म्हणतंय!" पानावर कुठेही बोट टेकलं की मागे दुसरंच पान उघडत होतं. याला पॉपअंडर म्हणतात. त्यामुळे कोणतंही नेटवर्क घेण्याआधी ते वापरणारी एखादी साइट साध्या मोबाइलवर, मोबाइल डेटावर स्वतः उघडून बघा. जुगार, कर्ज, 'अभिनंदन, तुम्ही जिंकलात' असलं काही दिसलं तर नाद सोडा. जाहिरातींचे प्रकार बंद करायची सोय आहे का, तेही विचारा.

अर्ज करताना नाव बँक खात्यावर आहे तसंच लिहा. पत्ता पोस्टमनला सापडेल असा द्या, मु. पो., तालुका, पिनकोड सगळं. १० डॉलर जमले की अ‍ॅडसेन्स पत्ता खरा आहे का ते तपासायला सहा अंकी पिन साध्या टपालाने पाठवतं; यायला दोन-चार आठवडे लागतात. पैसे परदेशातून येतात, तेव्हा बँकेतून शाखेला चालणारा स्विफ्ट कोड (परदेशी व्यवहारात बँक ओळखायचा कोड) आधीच विचारून ठेवा. काही शाखांना तो स्वतःचा नसतो.

नेटवर्कने दिलेली ओळ साइटच्या अ‍ॅड्स.टीएक्सटी (ads.txt) फाइलमध्ये, म्हणजे तुमच्या जाहिरातीच्या जागा कोण विकू शकतं त्या यादीत, टाका, नाहीतर जाहिराती आटतात.

स्वतःच्या जाहिरातींवर क्लिक केलंत तर खातं बंद होऊ शकतं. घरच्यांनाही बजावून ठेवा. 'तेवढीच तुला मदत' म्हणून रोज दहा क्लिक मारणारा एक मामेभाऊ प्रत्येकाला असतो.