जुनी ऑटोमॅटिक गाडी पुन्हा चपळ कशी कराल?

ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी क्षणभर ढिम्म, मग एकदम आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) वर आणि पाठोपाठ झटका. दहा-बारा वर्षं चाललेल्या ऑटोमॅटिक गाड्यांची ही नेहमीची तक्रार. गॅरेजमध्ये नेलं की पुष्कळदा थेट 'गियरबॉक्स गेला' असं ऐकावं लागतं, आणि खर्चाचा आकडा ऐकून माणसं चांगली गाडी मातीमोल भावात विकून टाकतात. म्हणून कळकळीने सांगतो, आधी इंजिन, मग माउंटिंग (इंजिन आणि गियरबॉक्स ज्यांवर टेकतात ते रबरी आधार), मग गियरबॉक्सचं तेल, हे तिन्ही पाहून झाल्याशिवाय कुणालाही गियरबॉक्स खोलू देऊ नका. गियर कधी बदलायचा हे ठरवणारा कॉम्प्युटर इंजिनाकडून येणाऱ्या माहितीवर चालतो. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, चिकटत असेल, तर धडधाकट गियरबॉक्सही चुकीच्या वेळी गियर टाकतो.

हा लेख टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गियरबॉक्सकडे पोचवणाऱ्या नेहमीच्या ऑटोमॅटिक गाड्यांसाठी आहे. उदाहरणाला 2009 ते 2013 च्या काळातली 5-स्पीड ऑटोमॅटिक होंडा सिटी घेतली आहे. सीव्हीटी (पायऱ्यांचे गियर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या) आणि एएमटी (मॅन्युअल गियरबॉक्सच आपोआप चालवणाऱ्या) गाड्यांचं गणित वेगळं असतं; तेलाबद्दल खाली जे लिहिलंय ते त्यांना लावू नका.

1. बिनखर्चाच्या गोष्टी आधी

ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचलून बघा. मूळ कार्पेटवर एक रबरी मॅट, त्यावर आणखी एक, असे थर असले की पेडल तळापर्यंत जातच नाही. पूर्ण पेडल दाबलं गेलं नाही, की ओव्हरटेक करताना गियर खाली यायला हवा तो येत नाही.

मग टायरमधली हवा आणि ब्रेक बघा. सपाट जागी न्यूट्रलमध्ये गाडी हाताने ढकलली तर सहज सरकली पाहिजे. हँडब्रेकची केबल गंजून मागचे ब्रेक किंचित धरून राहिले, तर गाडी जड वाटते आणि दोष गियरबॉक्सवर जातो. थोडं अंतर चालवून एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापतंय का, तेही तपासा.

2. एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी

आपल्याकडच्या धुळीत एअर फिल्टर मॅन्युअलमधल्या मुदतीच्या आधीच भरतो. तो झटकून पुन्हा बसवू नका, नवा घाला. स्पार्क प्लगची मुदत संपली असेल तर तेही याच वेळी बदला.

खरा फरक पडतो तो थ्रॉटल बॉडीने. हवेचा जाड पाइप सोडवला की आत पितळी रंगाची गोल चकती दिसते, तीच थ्रॉटलची झडप. तिच्या कडेला काळ्या, तेलकट कार्बनचं कडं साचलेलं असतं. पेडल हलकेच दाबलं की ही चकती आधी अडते आणि मग एकदम उघडते. गाडीची सुरुवातीची ढिलाई इथूनच येते. बाजारात खास थ्रॉटल बॉडी क्लीनरचा स्प्रे मिळतो. तो थेट आत न मारता मऊ फडक्यावर घ्या आणि कड पुसा. इग्निशन बंदच हवं. या सिटीत थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे, त्यामुळे चकती बोटाने जोर लावून ढकलू नका, आतले गियर बिघडू शकतात. हा स्प्रे हवेच्या सेन्सरवर चुकूनही उडता कामा नये.

कार्बन निघाला की आयडलिंग (पेडल न दाबता इंजिन चालतं तो वेग) वर-खाली होतं, कारण कॉम्प्युटरला जुन्या घाणीची सवय झालेली असते. त्याला नव्याने शिकवावं लागतं. एसी, दिवे, म्युझिक सगळं बंद ठेवा. गाडी पार्कमध्ये सुरू करून रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत 3000 आरपीएमवर धरा. मग पाय काढून पाच मिनिटं तशीच चालू द्या. बहुतेक वेळा एवढ्याने आयडलिंग स्थिर होतं.

3. माउंटिंग

डी (पुढे) किंवा आर (मागे) टाकताना 'धप्' असा आवाज येतो का? हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, ब्रेक घट्ट दाबून डी-आर-डी असा गियर बदला आणि दुसऱ्या माणसाला बाजूला उभं राहून इंजिन बघायला सांगा. गाडीच्या पुढे किंवा मागे कुणीही उभं राहता कामा नये. इंजिन दचकून उचललं जात असेल तर माउंटिंगचं रबर फाटलंय. हा झटका गियरबॉक्स दुरुस्त करून कधीच जाणार नाही.

4. गियरबॉक्सचं तेल

सेकंड हँड घेतलेल्या कित्येक गाड्यांत हे तेल एकदाही बदललेलं नसतं. 'लाइफटाइम ऑइल आहे' या बोलण्यावर विसंबू नका.

या सिटीत तेलाची पातळी इंजिन पूर्ण तापवून, बंद केल्यावर दीड मिनिटाच्या आत बघायची असते. बऱ्याच इतर ऑटोमॅटिक गाड्यांत ती इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये बघतात, म्हणून आपल्या गाडीचं मॅन्युअल वाचा. डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) पांढऱ्या कागदावर टेकवा. लालसर डाग म्हणजे ठीक, तपकिरी म्हणजे बदलायची वेळ झाली. काळा डाग आणि जळका वास असेल तर आतल्या क्लच प्लेट जळाल्या असण्याची शक्यता मोठी.

तेल बदलताना गाडी जॅकवर नाही, पक्क्या स्टँडवर किंवा रॅम्पवर घ्या. खालचा बोल्ट काढण्याआधी वरचं भरण्याचं झाकण सुटतंय याची खात्री करा. ते अडकलं तर रिकाम्या गियरबॉक्सची गाडी जागेवरच बसेल. खालच्या बोल्टला लोहचुंबक असतो. त्यावर करडी, लोण्यासारखी पेस्ट दिसली तर घाबरू नका, ती नेहमीची झीज आहे. टोकदार धातूचे कण किंवा तुकडे दिसले तर मात्र थांबा आणि जाणकाराला दाखवा. चुंबक पुसा आणि बोल्ट नव्या वॉशरसह बसवा.

एका वेळी साधारण अडीच लिटर निघतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. त्यामुळे थोडी गाडी चालवायची आणि पुन्हा काढून भरायचं, असं दोन-तीनदा केलं की बहुतांश तेल ताजं होतं. मशिनने दाब देऊन फ्लश करण्याचा आग्रह कुणी धरला तर जुन्या गाडीला नको म्हणा. साचलेला गाळ सुटून बारीक व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतो. तेल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच हवं. या होंडाला पूर्वी झेड-1 लागायचं, त्याची जागा आता डीडब्ल्यू-1 ने घेतली आहे. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं लिहिलेला स्वस्त डबा घेऊ नका.

5. एका वेळी एकच बदल

प्रत्येक कामानंतर ओळखीच्या रस्त्यावर गाडी चालवून बघा, म्हणजे फरक कशाने पडला ते कळतं. गाडी थंड असताना निष्कर्ष काढू नका. इंजिन तापेपर्यंत गियर उशिरा पडणं हे ठरवूनच दिलेलं असतं. पेडलला जोडायचे 'पॉवर बूस्टर' डबे सुचवले जातील. त्यांनी ताकद वाढत नाही, अर्ध्या पेडलला पूर्ण पेडलचा संदेश जातो इतकंच. कार्बनने चिकटलेल्या थ्रॉटलला तर ते उलट जास्त हिसके देतात.

एवढं सगळं करूनही आरपीएम चढतं पण वेग वाढत नसेल, किंवा डी टाकल्यावर दोन-तीन सेकंद गाडी हलत नसेल, तर ऑटोमॅटिकचंच काम करणारा मेकॅनिक गाठा आणि कॉम्प्युटर स्कॅन करून घ्या.

राहता राहिलं चालवणं. कसारा किंवा खंबाटकी चढताना गियर सारखा वर-खाली होत असेल तर खालचा गियर धरून ठेवा. सततच्या शिफ्टिंगने तेल तापतं. उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकू नका. इंजिन ब्रेकिंग (इंजिनामुळे गाडीला मिळणारा अटकाव) जातं, सगळा भार ब्रेकवर पडतो, आणि चालत्या गाडीत पुन्हा डी टाकताना क्लच प्लेटना मार बसतो.