खिशातला लिनक्स कन्सोल बिघडला? या चुका टाळा

"मावशी, पैसे पाण्यात गेले गं," म्हणत भाच्यानं जुने व्हिडिओ गेम खेळायचा खिशातला कन्सोल, म्हणजे हँडहेल्ड, माझ्या हातात ठेवला. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणून जेमतेम महिना झाला होता. बटण दाबलं की दिवा लागायचा, स्क्रीन मात्र काळी ठिक्कर. मी यंत्र बाजूला ठेवलं आणि आधी मेमरी कार्ड बाहेर काढलं. लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या अशा छोट्या यंत्रांत बहुतेक वेळा ती सिस्टिम, गेम, सेव्ह असा सगळा संसार त्या नखाएवढ्या कार्डावरच असतो, त्यामुळे बिघाडही आधी तिथेच शोधायचा.

कार्डावर १२८ जीबी छापलेलं होतं. ते रिकामं करून मी लिनक्स लॅपटॉपवर एफथ्री चालवलं. हे मोफत साधन आधी कार्ड काठोकाठ भरतं आणि मग लिहिलेलं जसंच्या तसं परत वाचता येतं का ते तपासतं. साडेसात जीबीच्या आसपास गाडी अडली, पुढचा सगळा डेटा हरवलेला. म्हणजे ८ जीबीच्या चिपवर १२८ चा शिक्का! बनावट कार्ड भरलं तरी कुरकुर करत नाही, नवा डेटा जुन्याच्या डोक्यावर लिहीत राहतं. म्हणूनच सुरुवातीला सगळं छान चालतं आणि गेम भरत गेलं की एक दिवस सिस्टिमच्याच फाइली पुसल्या जातात. नवं कार्ड बिल घेऊनच आणा आणि वापरण्याआधी तपासा. विंडोजवर हेच काम एचटूटेस्टडब्ल्यू करतं. रात्रभर लागेल, लागू द्या.

नव्या कार्डावर सिस्टिम लिहिताना मॉडेलचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. आरजी३५एक्सएक्स आणि आरजी३५एक्सएक्स एच ही नावं भावंडांसारखी असली तरी आतल्या चिप वेगळ्या आहेत, एकाची इमेज (कार्डावर लिहायची सिस्टिमची तयार फाइल) दुसऱ्यावर चालत नाही. इमेज लिहून झाली की विंडोज "डिस्क फॉरमॅट करायची का?" असं विचारतं, कधी दोन-तीनदा. लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीनं मांडलेला कार्डाचा भाग (पार्टिशन) त्याला वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कॅन्सल करा. तिथे हो म्हटलं की आताच लिहिलेली सिस्टिम गेली.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो गेलेल्या सेव्हसाठी. नव्वदच्या दशकात आमच्या घरी कॅसेटचा व्हिडिओ गेम होता. आई जेवायला बोलवायची आणि आम्ही सरळ स्विच बंद करायचो. ती सवय हातात मुरली आहे, पण इथे आत अख्खं लिनक्स चालू असतं. शिवाय तुम्ही गेममध्ये "सेव्ह" केलं तरी रेट्रोआर्च हे गेम चालवणारं ॲप ते बराच वेळ यंत्राच्या तात्पुरत्या मेमरीतच (रॅममध्ये) ठेवतं आणि साधारणपणे गेम बंद करताना कार्डावर उतरवतं. लोकलमध्ये दादर आलं म्हणून पॉवरचं बटण दाबून धरलंत, तर कुर्ल्यापासून खेळलेलं सगळं जाऊ शकतं. आधी मेन्यूतून गेम बंद करा, मग यंत्र रीतसर शटडाउन करा. रेट्रोआर्चच्या सेटिंगमध्ये सेव्हिंगखाली सेव्हरॅम ऑटोसेव्ह इंटरव्हल असतो, तो दहा सेकंदांवर ठेवा. सेव्ह स्टेटच्या, म्हणजे चालू खेळाच्या त्या क्षणीच्या फोटोच्या, भरवशावर मोठा गेम सोडू नका. स्टेट त्या एम्युलेटरशी (जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमशी) बांधलेली असते, अपडेटनंतर ती उघडेलच असं नाही. गेममधला सेव्ह सहसा टिकतो. आठवड्यातून एकदा सेव्हचं फोल्डर लॅपटॉपवर उतरवून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे.

चार्ज होत नाही म्हणून यंत्र दुरुस्तीला नेण्याआधी केबल बदलून बघा. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जर आधी समोरच्या यंत्रातले ५.१ किलोओहमचे रेझिस्टर शोधतो. काही स्वस्त यंत्रांत ते बसवलेलेच नसतात, मग चार्जर वीज सोडतच नाही. जुन्या चपट्या यूएसबी-ए पोर्टवर ५ व्होल्ट कायम असतात. ए-टू-सी केबल आणि साधा ५ व्होल्टचा चार्जर लावला की दिवा लागतो.

प्लेस्टेशनचा गेम काळ्या पडद्यावरच थांबत असेल, तर बायोसच्या, म्हणजे मूळ कन्सोल सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, फाइलचं नाव बघा. ईएक्सटी४ वर लहान आणि कॅपिटल अक्षरं वेगळी धरली जातात. एससीपीएच५५०१ डॉट बिन हे नाव सगळं लहान अक्षरांत हवं. फाइल अर्थातच स्वतःच्या प्लेस्टेशनमधून काढलेली असावी.

आणि पाठीचं झाकण उचलल्यासारखं दिसलं, तर खेळ तिथेच थांबवा. आतली बॅटरी फुगली आहे. चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. घरच्या कचऱ्यात न टाकता ती ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. कार्ड मात्र आधी काढून घ्या, तुमचे सगळे सेव्ह त्यातच आहेत.