विकरे, प्रथिन संश्लेषण आणि चयापचय : अभ्यासात आणि प्रयोगशाळेत या चुका टाळा

अकरावी-बारावीच्या आणि पदवीच्या पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांमध्ये चयापचयाविषयी ज्या चुका वर्षानुवर्षे दिसतात, त्यांचे कारण बहुधा पाठांतर कमी पडणे हे नसते. विकरांची (एन्झाइमांची) नावे पाठ असतात, चक्रांच्या आकृत्या सुबक असतात, आणि तरीही स्पष्टीकरण चुकते, कारण दोन वेगळ्या प्रश्नांची सरमिसळ झालेली असते. अभिक्रिया कोणत्या दिशेने जाईल हा एक प्रश्न आणि ती किती वेगाने जाईल हा दुसरा. वेगाच्या प्रश्नातही पुन्हा दोन भाग पडतात : पेशी आपल्याजवळ असलेल्या विकरांचे काम कमी-जास्त करत आहे, की नवी विकरे तयार करून किंवा जुनी मोडून त्यांची संख्याच बदलत आहे? पुढे दिलेल्या बहुतेक चुकांचे मूळ या गोंधळात सापडते.

विकर अभिक्रियेला ऊर्जा देते, असे लिहू नका

विकर ही ऊर्जेची साठवण नव्हे. ज्या पदार्थावर ते काम करते त्या पदार्थाला, म्हणजे सबस्ट्रेटला, ते आपल्या सक्रिय स्थानात अशा रीतीने धरते की अभिक्रियेच्या मधल्या, अस्थिर अवस्थेपर्यंत पोहोचायला लागणारी सक्रियण ऊर्जा कमी होते. सुरुवातीचे आणि शेवटचे पदार्थ यांच्या मुक्त ऊर्जेतील फरकाला विकर स्पर्शही करत नाही. खंडाळ्याच्या घाटात बोगदा काढल्याने चढ वाचतो, पण पुण्याची आणि मुंबईची समुद्रसपाटीपासूनची उंची तीच राहते, तसेच हे आहे. त्यामुळे विकर समतोल, म्हणजे पुढची आणि उलटी अभिक्रिया सारख्याच वेगाने चालण्याची स्थिती, बदलत नाही. तो लवकर येतो, एवढेच. पुढची अभिक्रिया आणि उलटी अभिक्रिया, दोन्ही ते सारख्याच प्रमाणात वेगवान करते.

इथे चांगल्या विद्यार्थ्यालाही एक शंका छळते : समतोल जर बदलत नसेल, तर पेशीत पदार्थ एकाच दिशेने कसे वाहत राहतात? ग्लायकोलिसिसमधील, म्हणजे ग्लुकोज टप्प्याटप्प्याने मोडण्याच्या मार्गातील, ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेज हे विकर याचे उत्तम उत्तर देते. त्याच्या अभिक्रियेच्या समतोलात सुमारे ९६ टक्के रेणू डायहायड्रॉक्सिअ‍ॅसिटोन फॉस्फेटच्या रूपात असतात आणि ग्लायकोलिसिसला पुढे हवे असलेले ग्लिसराल्डिहाइड फॉस्फेट जेमतेम ४ टक्के असते. तरीही मार्ग अडत नाही, कारण पुढचे विकर ते ४ टक्के सतत वापरून टाकते आणि समतोल पुन्हा गाठण्यासाठी रेणू त्या बाजूला सरकत राहतात. पेशी जिवंत असते तोवर तिच्यातील बहुतेक मार्ग समतोलाला पोहोचतच नाहीत, ही गोष्ट एकदा ध्यानात आली की चयापचयाचा अर्धा अभ्यास सोपा होतो.

याच चुकीचे दुसरे रूप एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूविषयीच्या वाक्यात दिसते : ‘एटीपीतील उच्च ऊर्जेचा बंध तुटतो आणि ऊर्जा बाहेर पडते.’ कोणताही रासायनिक बंध तोडायला ऊर्जा लागते. तो तुटल्यामुळे ती मिळत नाही. एटीपीचे जलअपघटन झाल्यावर तयार होणारे एडीपी आणि फॉस्फेट हे मूळ रेणूपेक्षा अधिक स्थिर असतात, कारण ऋण प्रभारांची दाटी कमी होते आणि नवे बंध व पाण्याशी होणाऱ्या आंतरक्रिया जुळून येतात. एकूण हिशेबात म्हणून प्रमाण परिस्थितीत प्रति मोल सुमारे ३०.५ किलोज्यूल मुक्त ऊर्जा उपलब्ध होते. शिवाय पेशीत ही ऊर्जा मोकळी सोडून मग कोणी ती उचलत नाही. ग्लुकोजला फॉस्फेट जोडणे ही स्वतंत्रपणे प्रतिकूल अभिक्रिया आहे, तिला सुमारे १३.८ किलोज्यूल लागतात. हेक्सोकायनेज हे विकर एटीपीवरचा फॉस्फेट गट थेट ग्लुकोजवर नेऊन ठेवते आणि जोडलेल्या अभिक्रियेचा हिशेब उणे १६.७ किलोज्यूल इतका अनुकूल होतो. विकराचे श्रेय या जोडणीचे आहे, आणि उत्तरात तेच लिहावे.

‘६० अंशांना विकर मरते’

विकर जिवंत नसते, त्यामुळे ते मरत नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुअर्ड बुखनर यांनी १८९७ मध्ये यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसाने, म्हणजे एकही जिवंत पेशी नसताना, साखरेचे किण्वन घडवून दाखवले आणि त्यासाठी जिवंत पेशी लागते का हा वाद संपवला. उष्णतेने प्रथिनाची त्रिमितीय घडी उलगडते. अमिनो आम्लांची साखळी मात्र तशीच राहते, म्हणून ‘उष्णतेने पेप्टाइड बंध तुटतात’ हेही चूकच. थंडीत घडी उलगडत नाही, फक्त रेणूंची हालचाल मंदावते, आणि म्हणूनच बर्फातील विकर गरम केल्यावर कामाला लागते. प्रत्येक विकरासाठी ३७ अंश हेच इष्टतम तापमान असते असे समजणाऱ्यांनी टॅक पॉलिमरेज आठवावे : उकळत्या झऱ्यांच्या परिसरात राहणाऱ्या थर्मस अ‍ॅक्वाटिकस या जिवाणूचे हे विकर सुमारे ७२ अंशांना जोमाने काम करते, आणि डीएनएच्या असंख्य प्रती काढणारी पीसीआर चाचणी त्याच्या जोरावर उभी राहिली.

सर्व विकरे प्रथिनेच असतात, हे विधानही आता जसेच्या तसे लिहू नये. काही आरएनए रेणू उत्प्रेरकाचे काम करतात. या शोधासाठी थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांना १९८९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रायबोसोममध्ये, म्हणजे पेशीतील प्रथिने तयार करणाऱ्या यंत्रणेत, पेप्टाइड बंध जुळवण्याचे कामही तेथील आरएनएच करतो, प्रथिने नव्हे.

प्रथिन संश्लेषण हा वेगळा धडा समजू नका

अभ्यासक्रमात विकरे एका प्रकरणात आणि प्रतिलेखन (जनुकावरून आरएनए बनणे) व भाषांतरण (त्या आरएनएवरून प्रथिन बनणे) दुसऱ्या प्रकरणात असल्यामुळे हे दोन विषय एकमेकांशी बोलत नाहीत असा समज होतो. सर्वांत जास्त गुण जातात ते इथे, आणि विषयाची खरी गंमतही इथेच आहे.

एखाद्या अभिक्रियेचा पेशीतील वेग दोन गोष्टींवर ठरतो : एक विकर रेणू सेकंदाला किती सबस्ट्रेट बदलतो, आणि असे रेणू किती आहेत. कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेजचा एक रेणू सेकंदाला सुमारे १० लाख रेणूंचे रूपांतर करू शकतो. याउलट प्रकाशसंश्लेषणात कार्बन स्थिर करणारे रुबिस्को सेकंदाला मोजके काही रेणूच हाताळते, आणि वनस्पती ही उणीव संख्येने भरून काढतात. अनेक वनस्पतींच्या पानांतील विद्राव्य प्रथिनांचा फार मोठा वाटा एकट्या रुबिस्कोचा असतो. म्हणजे विकराची मंदगती थेट प्रथिन संश्लेषणाच्या खर्चावर येऊन पडते. हा खर्च किरकोळ नाही. एक अमिनो आम्ल साखळीत जोडायला किमान चार उच्च ऊर्जेचे फॉस्फेट बंध खर्च होतात, त्यांतील दोन अमिनो आम्ल ते वाहून नेणाऱ्या टी-आरएनएला जोडताना आणि दोन रायबोसोमवर. ३०० अमिनो आम्लांचे एक मध्यम आकाराचे विकर तयार करायला त्या हिशेबाने १२०० बंध लागतात.

एवढा खर्च असल्यामुळे पेशी प्रत्येक लहानसहान बदलासाठी नवे प्रथिन तयार करत बसत नाही. धावायला सुरुवात केल्यावर स्नायूतील ग्लायकोलिसिसचा वेग क्षणार्धात वाढतो, तो जनुके चालू झाल्यामुळे नव्हे. फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे ग्लायकोलिसिसमधील आधीच हजर असलेले विकर, एटीपी खर्च होताना वाढणाऱ्या एएमपीमुळे अधिक कार्यक्षम होते आणि भरपूर एटीपी असताना तेच रोखले जाते. जिवाणूत आयसोल्युसिन पुरेसे साठले की ते आपल्याच निर्मितीमार्गाच्या पहिल्या विकराला रोखते, तोही याच प्रकारचा तत्काळ लगाम. ई. कोलाय जिवाणूला ग्लुकोजऐवजी लॅक्टोज मिळाले तर मात्र लॅक्टोज तोडणाऱ्या बीटा-गॅलॅक्टोसिडेजचे रेणू अगदी मोजक्या संख्येवरून हजारोंवर जातात, आणि ही वाढ प्रतिलेखन व भाषांतरणातून होत असल्यामुळे तिला काही मिनिटे लागतात. झाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये मांडलेले ओपेरॉनचे, म्हणजे एकत्र चालू-बंद होणाऱ्या जनुकांच्या गटाचे, चित्र या दुसऱ्या प्रकारचे आहे. ‘पेशीला गरज भासली म्हणून तिने विकर तयार केले’ हे वाक्य दोन्ही प्रकार झाकून टाकते. कोणता रेणू कशाला चिकटला आणि त्यामुळे काय बदलले, हे लिहिल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही.

नवे विकर तयारच करता येत नसेल तर काय होते, याची उदाहरणे रक्तात आहेत, आणि ती पाठ्यपुस्तकात अधिक ठळकपणे यायला हवी होती. पूर्ण वाढ झालेल्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते आणि रायबोसोमही उरत नाहीत, त्यामुळे सुमारे १२० दिवसांचे आयुष्य तिला जन्मजात मिळालेल्या विकरांवरच काढावे लागते. जी६पीडी हे त्यांपैकी एक. ऑक्सिडीकरणापासून पेशीचे रक्षण करणारे एनएडीपीएच या पेशीत त्याच्याच मार्गाने तयार होते. ज्यांच्यात या विकराचे जनुक बदललेले असते, त्यांचे विकर पुष्कळदा तयार होतेच, पण ते कमी टिकाऊ असते. पेशी जुनी होत जाते तशी त्याची शिल्लक घटते आणि भरपाई होत नाही. अशा व्यक्तीला हिवतापावरचे प्रायमाक्वीन दिले गेले तर आधी जुन्या पेशी फुटतात. अ‍ॅस्पिरिनची कथा याच धाग्याची आहे. ते सायक्लोऑक्सिजनेज या विकराला कायमचे निकामी करते. केंद्रक असलेल्या पेशी काही तासांत नवे विकर बनवतात, पण केंद्रक नसलेल्या प्लेटलेटला ते जमत नाही, म्हणून औषध रक्तातून नाहीसे झाल्यावरही प्लेटलेटवरचा परिणाम तिच्या ८ ते १० दिवसांच्या आयुष्यभर राहतो.

भाषांतरणातील एक चूक मात्र प्राध्यापकांच्या टिपणांतही आढळते : योग्य अमिनो आम्ल निवडण्याचे काम रायबोसोम करतो, ही. रायबोसोमवर संदेशवाहक आरएनएवरील तीन अक्षरांचा कोडॉन आणि टी-आरएनएवरचा अँटिकोडॉन यांची जुळणी तपासली जाते. टी-आरएनएच्या दुसऱ्या टोकाला कोणते अमिनो आम्ल आहे, हे तिथे पाहिले जात नाही म्हटले तरी चालेल. १९६२ मध्ये सिस्टीन हे अमिनो आम्ल लावलेल्या टी-आरएनएवरच रासायनिक क्रियेने सिस्टीनचे अ‍ॅलानिन करण्यात आले, तेव्हा साखळीत सिस्टीनच्या जागी निमूटपणे अ‍ॅलानिन बसले. खरी निवड अमिनोअ‍ॅसिल टी-आरएनए सिंथेटेज ही विकरे करतात. म्हणजे विकरे तयार करायलाही विकरेच लागतात, आणि ती चुकली तर पुढे दुरुस्तीची जागा फारशी नाही.

रोधकांविषयी थोडेसे

रोधक म्हणजे विकराचे काम अडवणारा पदार्थ. स्पर्धात्मक रोधक कमाल वेग घटवतो, असे लिहिले की उत्तर चुकलेच. तो सक्रिय स्थानासाठी सबस्ट्रेटशी स्पर्धा करतो, म्हणून सबस्ट्रेट भरपूर वाढवल्यास कमाल वेग पूर्ववत मिळतो. वाढतो तो मायकेलिस स्थिरांक, म्हणजे कमाल वेगाच्या निम्मा वेग मिळायला लागणारी सबस्ट्रेटची संहती. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने १०० हून अधिक माणसे दगावली, त्यामागे मिथेनॉल होते. मिथेनॉल स्वतः फार विषारी नसते. यकृतातील अल्कोहोल डीहायड्रोजनेज त्याचे फॉर्माल्डिहाइड करते, त्यापासून फॉर्मिक आम्ल बनते आणि ते दृष्टी व प्राण घेते. रुग्णालयात अशा रुग्णाला फोमेपिझोल किंवा इथेनॉल देतात, कारण त्या विकराचे सक्रिय स्थान हे पदार्थ अडवून धरतात आणि मिथेनॉल न बदलता हळूहळू शरीराबाहेर पडते. विकर नेहमी शरीराच्या भल्याचेच काम करते, हा समजही या उदाहरणाने जातो.

लाळेतील अमायलेजचा प्रयोग फसला तर

स्टार्च, लाळ आणि आयोडीन यांचा प्रयोग सोपा वाटतो, म्हणून निष्काळजीपणे केला जातो. लाळेतील अमायलेज स्टार्च मोडते, आणि आयोडीनने येणारा निळा रंग स्टार्च अजून शिल्लक असल्याची खूण असतो. पहिल्याच निरीक्षणात निळा रंग दिसला नाही, तर लाळ फार दाट आहे. ती दहापट किंवा त्याहून अधिक पातळ करून पुन्हा सुरुवात करावी. पातळ करताना नुसते ऊर्ध्वपातित पाणी वापरू नये, कारण या अमायलेजला क्लोराइड आयन लागतात. पाण्यात थोडे मीठ घातलेले असावे. स्टार्च आणि लाळ वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत ठेवून दोन्ही ठरलेल्या तापमानाला आल्यावरच एकत्र करावीत, नाहीतर ‘५० अंश’ म्हणून नोंदवलेली पहिली दोन मिनिटे प्रत्यक्षात ३५ अंशांची असतात. आयोडीन मूळ नळीत कधीही ओतू नये. ठराविक वेळाने एकेक थेंब काढून पांढऱ्या टाइलवरील आयोडीनमध्ये मिसळावा. निळा, मग जांभळा, मग तांबूस तपकिरी अशा रंगांनंतर बदल दिसेनासा झाला, की ती वेळ नोंदवावी.

सर्वांत फसवी नळी ८० अंशांची. तिच्यातील गरम द्रावणात आयोडीन घातले की निळा रंग दिसत नाही, आणि विद्यार्थी ‘८० अंशांनाही विकर काम करते’ असा निष्कर्ष लिहून मोकळा होतो. वास्तविक उष्णतेने स्टार्च आणि आयोडीन यांची जोडी सुटते; नळी थंड झाली की निळा रंग परत येतो. थेंब टाइलवर निवल्यानंतरच आयोडीनशी मिसळावा. सामूचा (पीएचचा) परिणाम तपासताना असाच धोका अल्कधर्मी नळीत असतो, कारण तिथे अल्कलीच आयोडीन संपवते. अशा वेळी थेंब आधी सौम्य आम्लाने उदासीन करावा, आणि प्रत्येक तापमानाला व प्रत्येक सामूला उकळलेली लाळ घातलेली एक वेगळी नळी ठेवावी. त्या नळीतही रंग दिसत नसेल, तर दोष लाळेचा नाही. स्टार्चचे द्रावण शिळे झाले आहे का, हे आधी पाहावे.