थकबाकीची यादी फलकावर लावण्याआधी

गेल्या वर्षी सर्वसाधारण सभेच्या आधी मी सोसायटीच्या फलकावर थकबाकीदारांची यादी लावली. त्यात मेंटेनन्स वेळेवर भरणारी सात घरं होती, तीही व्याजासकट. त्यांतले एक आजोबा पासबुक घेऊन खाली आले आणि वॉचमनसमोर एकेका नोंदीवर बोट ठेवून दाखवत गेले. आवाज अजिबात न चढवता. म्हणून यंदा हे आधीच लिहून ठेवतोय.

थकबाकीचा हिशोब असलेल्या एक्सेलच्या फाइलची प्रत काढा. झालं.

आता इफएरर (IFERROR) काढा. बँकेच्या उताऱ्यातून जमा रक्कम शोधणाऱ्या व्हीलुकअप (VLOOKUP) सूत्राला बाहेरून 'चूक आली तर 0' असं गुंडाळलेलं असतं, ते सोलून टाका. रकाना #एन/ए ने भरला तर भरू दे. त्या मोजा, आकडा कागदावर लिहा. माझ्याकडे सात होत्या. #एन/ए म्हणजे 'मला सापडलं नाही'. मी त्याचं शून्य केलं, म्हणजे 'भरलेच नाहीत'. मग पूर्ण रक्कम बाकी, आणि तिच्यावर 21 टक्के व्याज, उपविधीतला तेव्हाचा कमाल दर!

सापडत का नाही? एका शीटमध्ये फ्लॅट क्रमांक 102 आकडा म्हणून असतो, दुसरीत मजकूर म्हणून. सेलच्या कोपऱ्यातला हिरवा त्रिकोण तेच सांगत असतो. मला तो नक्षी वाटायचा. नाहीतर क्रमांकामागे स्पेस असते. ती ट्रिम (TRIM) या सूत्राने जाते, पण बँकेच्या डाउनलोडमधून कधी कधी 160 क्रमांकाच्या कोडची वेगळीच स्पेस येते. तिला ट्रिम हात लावत नाही, सब्स्टिट्यूट (SUBSTITUTE) या सूत्राने काढावी लागते. व्हीलुकअपच्या शेवटी फॉल्स (FALSE), म्हणजे 'नेमका तोच क्रमांक शोध', लिहिलंय ना? नसेल तर जवळपासच्या क्रमांकाचे पैसे उचलून आणेल आणि चूकही दाखवणार नाही.

इफएरर काढला ना? व्याजाच्या टॅबमधलाही? मी तिथला विसरलो होतो.

#रेफ दिसली तर कोणीतरी रकाना उडवलाय. डागडुजी करत बसू नका, जुनी प्रत उघडा. #डिव्ह/0 म्हणजे भाजक रिकामा किंवा शून्य. नुसत्या ##### दिसल्या तर रकाना रुंद करा, ती चूकच नाही.

सगळं जुळल्यावर काही गुंडाळायचंच असेल तर इफएनए (IFNA) वापरा (एक्सेल 2013 पासून आहे) आणि शून्याऐवजी 'सापडलं नाही' लिहा. इतर चुका तो झाकत नाही. थकबाकीच्या रकान्यात मग #व्हॅल्यू येईल, येऊ दे. शून्य लिहायचं नाही. इफएरर परत घालायचा नाही, सेक्रेटरी 'शीट घाण दिसतेय' म्हणाले तरी.

जमेची बेरीज बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहा. फरक असेल तर परत वर. प्रिंट, सह्या, फलक. त्याआधी एक प्रत आजोबांकडे.