केप्लरचं विश्व, टेबल टेनिसच्या चेंडूपासून

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो खगोलशास्त्रज्ञ केप्लरच्या डोक्यात किती खोल बसला होता, हे नुसतं सांगून नववीच्या पोरांना पटत नाही. म्हणून मी त्यांच्याकडून केप्लरच्या विश्वाचा एक तुकडा करून घेते. त्याच्या मते ग्रहांचे गोल एकात एक बसलेले होते आणि दर दोन गोलांच्या मधल्या फटीत प्लेटोचा एकेक आकार होता.

चेंडू ४० मिलिमीटरचाच घ्या. आमच्या कपाटात जुना ३८ चा निघाला, तो आत खडखडत राहिला. बाइंडिंगच्या पारदर्शक शीटमधून १९.६ सेंमी बाजूचा समभुज त्रिकोण कापा. बाजूंचे मध्यबिंदू जोडून त्या रेघांवर घड्या घाला, चेंडू मधोमध ठेवा, तिन्ही कोपरे वर आणून चिकटवा. झाला चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा आकार. चेंडू चारही बाजूंना बरोब्बर टेकतो. हा चेंडू म्हणजे मंगळ.

आता कार्डशीटच्या ३७.७ सेंमीच्या दोन पट्ट्या (चिकटवायला सेंटिमीटरभर जास्त) घेऊन १२ सेंमी व्यासाची कडी करा. एकमेकींना काटकोनात अडकवा. चतुष्फलकाची दोन टोकं एका कडीला, दोन दुसरीला टेकतात. ही कडी गुरूची. ती १२ सेंमीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात चपखल बसते, खोक्याबाहेर शनी.

प्लेटोनं ‘टिमेयस’ या ग्रंथात चतुष्फलक अग्नीला, घन (आपलं खोकं) पृथ्वी या तत्त्वाला दिला होता. असे सुसम घनाकार (सगळ्या बाजू अगदी सारख्या असलेले) पाचच, हे युक्लिडनं आपल्या भूमितीच्या ग्रंथाच्या तेराव्या पुस्तकात सिद्ध केलं. १५९५ साली ग्राझमध्ये शिकवणाऱ्या केप्लरला प्रश्न पडला होता, ग्रह सहाच का? (तेव्हा सहाच माहीत होते.) सहा ग्रहांमध्ये फटी पाच, आकारही पाच! पुढच्याच वर्षी या कल्पनेवर पुस्तक छापून मोकळा.

आता मोजा. कडी १२, चेंडू ४, म्हणजे ३ पट. आजचे आकडे घ्या: गुरू सूर्याच्या सर्वांत जवळ असताना पृथ्वी-सूर्य अंतराच्या ४.९५ पट, मंगळ सर्वांत लांब असताना १.६७ पट. भागाकार २.९६. इथे वर्ग गप्प होतो. मग मी मंगळ-पृथ्वी करायला लावते: मंगळ सर्वांत जवळ असताना १.३८ भागिले पृथ्वी सर्वांत लांब असताना १.०२, साधारण १.३५; त्या फटीतला द्वादशफलक (बारा पंचकोनी बाजूंचा) देतो १.२६. बुधासाठी तर केप्लरनं अष्टफलकाच्या (आठ त्रिकोणी बाजूंच्या आकाराच्या) आतला गोल सोडून मधल्या चौकोनातलं वर्तुळ धरलं. पोरं लगेच ओरडतात, “मॅडम, चीटिंग!”

मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचं १६०९ मध्ये त्यानंच छापलं. तरी १६२१ मध्ये हे पुस्तक टिपा जोडून त्यानं पुन्हा काढलं.